‘विचाराधीन’ म्हणजे झाले की नाही? : सरकारी मसुदे लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत पत्रांचे मसुदे तयार करणारे सर्व लिपिक, अव्वल कारकून व कक्ष अधिकारी,
आणि त्यांना शब्द पुरवणारे भाषा संचालनालय

विषय : ‘विचाराधीन’ या शब्दाच्या वापराबाबत
संदर्भ : आपल्याकडून वेळोवेळी आलेली पत्रे

सन्माननीय मंडळी,

सप्रेम नमस्कार. विषय आणि संदर्भ आपल्याच रिवाजाप्रमाणे वर टाकले आहेत, निदान बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदीत, तरी हे पत्र अडू नये म्हणून.

मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. ‘सरांना इंग्रजी येते, म्हणजे सरकारी मराठीही येत असणार’ असा गावात समज आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर लोक पत्रे वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. कुणाचे निराधार योजनेचे पैसे थांबलेले असतात, कुणी शेतरस्त्यासाठी अर्ज केलेला असतो, कुणी पोरगा अनुकंपा यादीकडे डोळे लावून बसलेला असतो. पत्रांचे विषय निरनिराळे, शेवटची ओळ बहुधा एकच : ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ मी ती वाचतो. समोरचा माणूस थोडा थांबतो आणि म्हणतो, “म्हणजे झालं का नाही झालं, सर?”

मला उत्तर देता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर कळवावे. अडलेल्या शब्दाचे मूळ शोधायचे ही मास्तरकीची जुनी खोड असल्याने मी ‘विचाराधीन’च्या मागे लागलो. त्याच्या पाठीमागे उभा दिसला एक इंग्रजी शब्द, ‘कन्सिडर’. ‘अंडर कन्सिडरेशन’चे मराठी करताना आपल्याकडे ‘विचाराधीन’ आला, हे आपण जाणताच. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ‘आय शॅल बी ग्रेटफुल इफ यू काइंडली कन्सिडर माय अ‍ॅप्लिकेशन’ हे वाक्य घोकले असेल. मीच कित्येकांकडून घोकून घेतले आहे.

हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकात फ्रेंचमधून आला. फ्रेंचांनी तो लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये ‘कन्सिडेरारे’. त्यात ‘कॉन्’ म्हणजे सह, एकत्र. आणि ‘सीडुस’ म्हणजे तारा, तारकापुंज. आकाशातल्या ताऱ्यांकडे नीट, सगळे मिळून पाहणे म्हणजे कन्सिडर करणे. ही व्युत्पत्ती आजकालच्या कुणा हौशी माणसाने रचलेली नाही. फेस्टस नावाचा रोमन कोशकार दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्याच्या कोशाचा पुढे केलेला संक्षेप आपल्यापर्यंत पोचला आहे आणि त्यात हा शब्द तारे पाहण्यावरून आला असावा असे दिसते, अशी नोंद आहे. ‘दिसते’ हा शब्द त्यातलाच. काही भाषाभ्यासकांना ही उपपत्ती पटत नाही. रोमन लोकांना ताऱ्यांचे एवढे वेड नव्हते, असे ते म्हणतात. बाकीचे म्हणतात की दर्यावर्दींना होते. मला दुसरी बाजू जवळची वाटते, पण हा वाद आपल्या कार्यासनाकडचा, म्हणजे आपल्या टेबलावरचा, नव्हे.

‘डिझायर’ म्हणजे इच्छा, हाही याच घराण्यातला शब्द मानतात. त्यातही तेच ‘सीडुस’ आहे, पण आधी ‘डे’, म्हणजे ‘पासून दूर’, लागलेला. ताऱ्यांकडून काय येते याची वाट पाहत राहणे, असा त्याचा एक अर्थ लावतात. एकाच ताऱ्यापासून दोन शब्द निघाले. एक तुमच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसला, दुसरा बाहेरच्या बाकावर.

कन्सिडरमध्ये पाहणे आधी होते आणि विचार करणे नंतर आले. ही डोळ्यांची क्रिया बरीच शतके शब्दात टिकून राहिली. १६११ च्या इंग्रजी बायबलात येशू रानातल्या भूकमळांकडे बोट दाखवून त्यांना ‘कन्सिडर’ करायला सांगतो. ती कशी वाढतात ते बघा, असे म्हणतो. भूकमळांचा प्रस्ताव तयार करून वरिष्ठांकडे सादर करा, असे तो म्हणत नाही. कोरीव काम, घोडा, शत्रूची फौज, काहीही जवळून निरखणे म्हणजे कन्सिडर करणे होते.

विचाराच्या शेजारपाजारचे इतर इंग्रजी शब्दही असेच अंगमेहनतीचे आहेत. ‘पाँडर’मध्ये वजन करणे आहे, ‘डेलिबरेट’मध्ये तराजू आहे, ‘रुमिनेट’ म्हणजे तर सरळ रवंथ. ‘कंटेम्प्लेट’मधला ‘टेम्प्लम’ मला फार आवडतो. रोममध्ये शकुन पाहणारा अधिकारी आकाशाचा एक तुकडा आखून घ्यायचा आणि त्या चौकटीत पक्षी कुठून कुठे जातात ते बघायचा. त्या आखलेल्या जागेला टेम्प्लम म्हणत. सभा भरवण्याआधी शकुन पाहणे हे सरकारी काम होते आणि ते कुणी पाहायचे हे ठरलेले असे. शकुन वाईट निघाला तर शकुनाधिकारी दोनच शब्द उच्चारायचा, ‘आलिओ दिए’, म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी’. तेवढ्यावर सभा मोडायची. राजकारणासाठी या दोन शब्दांचा गैरवापर झाला आणि सिसेरो या रोमन वक्त्याने त्याबद्दल आरडाओरडाही केला. ‘साहेब आज नाहीत, उद्या या’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत जन्मले असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मात्र त्या रोमन वाक्यात पुढे ढकलणारा माणूस सगळ्यांसमोर उभा असायचा आणि ढकलणे त्याच्या तोंडून ऐकू यायचे.

इंग्रजीत आल्यावर शब्दाला फांद्या फुटल्या. ‘कन्सिडरेट’ म्हणजे आधी नीट विचार करणारा, मग दुसऱ्याचा विचार करणारा, मनमिळाऊ. ‘कन्सिडरेबल’ म्हणजे विचारात घ्यावे एवढे, म्हणजेच पुष्कळ. आणि ‘कन्सिडरेशन’ला एक व्यवहारी अर्थ चिकटला : मोबदला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २ मध्ये कन्सिडरेशनची व्याख्या आहे. मराठीत त्याला आपण ‘प्रतिफल’ म्हणतो आणि खरेदीखतावर तो शब्द रोज उमटतो. प्रतिफलाशिवाय करार, काही अपवाद सोडले तर, रद्दबातल. ‘अंडर कन्सिडरेशन’मधले कन्सिडरेशन नेमके कोणते, विचाराचे की प्रतिफलाचे, असा प्रश्न काही कार्यालयांच्या व्हरांड्यात लोकांना पडतो. मी तो इथे विचारत नाही. आपल्यातल्या बहुसंख्यांवर तो अन्याय होईल.

आता ‘अंडर’कडे येऊ. इंग्रजीत हे अव्यय साधे, कुठल्यातरी गोष्टीच्या खाली असल्याचे सांगणारे. मराठीत त्याच्या जागी आपण ‘अधीन’ बसवला आणि पंचाईत झाली. अधीन म्हणजे ताब्यात. पराधीन, दैवाधीन, व्यसनाधीन; या शब्दांत ज्याच्याबद्दल बोलतो तो बिचारा काहीच करू शकत नाही. तुरुंगात ज्याचा खटला संपलेला नाही त्याला कागदोपत्री ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात आणि लोक त्यालाच ‘कच्चा कैदी’ म्हणतात. विचाराधीन अर्ज हाही असा कच्चा कैदीच. गुन्हा शाबीत नाही, सुटकाही नाही आणि पुढची तारीख कुणी सांगत नाही.

इंग्रजी बाजूने शब्दाचे असे झाले. मराठी बाजूने त्याहून मोठे नुकसान झाले आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच.

‘विचार’ संस्कृतातून आला. ‘वि’ उपसर्ग आणि ‘चर्’ धातू, म्हणजे चालणे. मुळात इकडेतिकडे फिरणे; विचरण शब्दात ते अजून आहे. मनाने एखाद्या गोष्टीभोवती फिरून ती सगळीकडून पाहणे, हा त्याचा पुढचा अर्थ. इथपर्यंत शेजारच्या हिंदी, गुजराती या भाषा बरोबर आहेत. हिंदीत ‘विचारना’ आणि गुजरातीत ‘विचारवुं’ म्हणजे विचार करणे. मराठी मात्र इथून वेगळ्या वाटेने गेली. मराठीत ‘विचारणे’ म्हणजे प्रश्न करणे. कोकणीतही ‘विचारप’ म्हणजे तेच. आपल्या पूर्वजांना विचार करणे आणि विचारणे ही एकाच कामाची दोन टोके वाटली असावीत. पोरीचे लग्न ठरवायचे आहे, चार जणांना विचारले. विहीर खणायची आहे, पाणाड्याला विचारले. ‘मला न विचारता केलेस?’ हा मराठी घरातला सर्वांत मोठा ठपका. आजाऱ्याकडे जातो ती विचारपूस. आणि ‘त्याला कोण विचारतो!’ असे म्हटले की माणसाची किंमतच संपली.

तेव्हा मराठी माणसाच्या कानाला ‘अर्ज विचाराधीन आहे’ यात एक विचित्र पोकळी ऐकू येते. विचार चालू आहे, पण कुणी कुणाला काही विचारत नाही. अर्जदाराला विचारलेले नाही की बाई, तुमचा उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नवा मिळेल का? तलाठ्याला विचारलेले नाही की पंचनामा कधी पाठवता? अर्जदाराने कुणाला विचारायचे, तेही पत्रात नाही. माझ्याकडे आलेल्या एका पत्राच्या बाबतीत नुसता एक दाखला कमी होता. अर्जदार बाईला ते कळले ते त्या कार्यालयातल्या शिपायाकडून, चहाच्या टपरीवर. त्या शिपायाला मी मनातल्या मनात कन्सिडरेट म्हणून घेतले. कागदाकडे त्यानेच खरे पाहिले होते.

तुमची बाजू मला कळत नाही असे नाही. माझे कितीतरी विद्यार्थी आज तुमच्या टेबलांवर आहेत आणि सणासुदीला भेटले की बोलतात. निर्णय लिपिकाच्या हातात नसतो. टिपणी वर गेलेली असते, ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली आलेली असते, पुन:सादर झालेली असते, मधेच साहेबांची बदली झालेली असते. इकडे अर्जदाराला तर काहीतरी उत्तर द्यायचे असते. ‘मंजूर’ लिहिले तर खोटे, ‘नामंजूर’ लिहिले तरी खोटे, ‘साहेबांनी अजून उघडून पाहिले नाही’ हे खरे पण लिहिता येत नाही. अशा वेळी ‘विचाराधीन’ छत्रीसारखा उघडता येतो. एका माजी विद्यार्थ्याने मला सरळ सांगितले, “सर, तो शब्द अर्जदारासाठी नसतोच. तो आमच्यासाठी असतो.” एवढे स्वच्छ मी व्याकरणाच्या तासाला कधी बोललो नव्हतो.

आणि हा शब्द दरवेळी पोकळच असतो असेही नाही. विधेयक ‘विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव सभागृहात मांडला जातो तेव्हा पुढे खरोखर चर्चा होते. निदान व्हायला हवी. संविधानाच्या २०० आणि २०१ या अनुच्छेदांत राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवण्याची तरतूद आहे; तिथल्या ‘विचारार्थ’ला मुदत किती, यावरून राज्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. शासन निर्णयांची तर प्रस्तावनाच बहुधा अशी संपते : ‘...ही बाब शासनाच्या विचाराधीन होती.’ आणि पुढच्याच परिच्छेदात निर्णय. मला ते ‘होती’ वाचून फार बरे वाटते. ‘विचाराधीन’ हा शब्द भूतकाळात शोभतो. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत तो कायम वर्तमानकाळात असतो.

ज्यांना वाटते की हा मास्तर शब्दाचा कीस पाडत बसला आहे, त्यांच्यासाठी थोडा कायदा. लोकसभेत सरकारी आश्वासनांसंबंधीची समिती १९५३ पासून आहे. मंत्र्याने सभागृहात काय म्हटले की ते आश्वासन धरायचे, याची संसदेत एक ठरलेली यादी आहे. ‘ही बाब विचाराधीन आहे’ हे वाक्य त्या यादीत आहे. मंत्री सभागृहात हे बोलला की ते वचन झाले, आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे किंवा मुदतवाढ मागायची. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणजे जो शब्द मंत्र्याच्या तोंडी वचन ठरतो, तोच शब्द शेतरस्त्याच्या अर्जाच्या उत्तरात आला की कुणालाच कशाला बांधत नाही. हा फरक कोणत्या कोशात लिहिला आहे?

आपल्या राज्याचा तर स्वतंत्र कायदा आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. नावाचा पूर्वार्ध बदल्यांचा असल्यामुळे लोकांना तेवढाच माहीत असतो. बदल्यांमध्ये सगळ्यांनाच रस. कलम १० मात्र नस्तीबद्दल, म्हणजे फायलीबद्दल, आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. काही प्रकरणांना अपवाद आहेत, ते असायलाच हवेत. पण सात दिवसांचा हिशेब प्रत्येक टेबलाचा वेगळा धरला आहे, याचा अर्थ कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की विचार कधी ‘शासन’ नावाचा कुणी अदृश्य पुरुष करत नाही, कुठल्यातरी खुर्चीवरचा कुणीतरी करतो. पुढे २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियमही आला आणि अधिसूचित सेवांना मुदती लागल्या. माहितीच्या अधिकारात नस्तीवरच्या टिपण्याही मागता येतात, ३० दिवसांत. माझ्या गावातली काही पोरे आता तेच करतात : ‘माझा अर्ज विचाराधीन असल्यास सध्या कोणाच्या विचाराधीन आहे, ते पदनामासह कळवावे.’ प्रश्न किती मराठी आहे बघा. ज्याने आधीच सांगायचे, त्याला नंतर कायद्याने विचारावे लागते.

तारे पाहून ठरवणारी माणसे आमच्याकडे आजही आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य मृगात जातो, तेव्हा शेतकरी आकाशाकडे बघतो, नक्षत्राचे वाहन यंदा कोल्हा आहे की म्हैस यावर पारावर वाद घालतो, हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर ऐकतो, मातीत हात घालून ओल पाहतो आणि पेरायचे की थांबायचे ते ठरवतो. चुकला तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच डोक्यावर. फेस्टसने सांगितलेला अर्थ खरा असो की नसो, याच्या इतका तंतोतंत कन्सिडर करणारा माणूस मला दुसरा दिसत नाही. आणि पीक विम्याच्या तक्रारीवर त्यालाच आपण कळवतो की प्रकरण विचाराधीन आहे.

भाषा संचालनालयाला एक वेगळी विनंती. आपण १९६० पासून पदनामे, परिभाषा आणि शासनव्यवहाराचे कोश तयार करत आला आहात. दफ्तरातले फारसी शब्द बदलण्यासाठी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ती परंपरा आपण चालवता. कृपा करून ‘विचाराधीन’ला नवा प्रतिशब्द काढू नका. ‘चिंतनस्थ’ किंवा ‘मननाधीन’ असले काही आले तर लोक मला आणखी प्रश्न विचारतील. कोशातल्या नोंदीखाली एवढीच सूचना छापा की नागरिकाला पाठवायच्या पत्रात हा शब्द एकट्याने वापरू नये. सोबत कार्यासन, काय बाकी आहे ते, आणि पुढची तारीख द्यावी. पुण्याला यशदा या शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत अधिकाऱ्यांना पत्रलेखन शिकवताना हीच सूचना फळ्यावर लिहिता येईल. त्याला शासन निर्णय लागू नये असे मला वाटते. लागत असेल तर तो निघेपर्यंत तरी कुणी थांबू नये.

आणि मसुदे लिहिणाऱ्यांनो, नमुन्याशिवाय विद्यार्थ्याला निबंध जमत नाही हे मला माहीत आहे, म्हणून एक नमुना देतो :

‘आपला शेतरस्त्याचा अर्ज दिनांक ... रोजी या कार्यालयात मिळाला. तो सध्या कार्यासन क्रमांक ... कडे आहे. मोजणीचा नकाशा जोडलेला नसल्याने पुढील टिपणी झालेली नाही. नकाशाची प्रत दिनांक ... पर्यंत द्यावी. मिळाल्यावर स्थळपाहणी होईल व तिची तारीख आपल्याला व शेजारच्या खातेदारांना आधी कळवली जाईल. काही विचारायचे असल्यास याच कार्यासनाकडे सकाळी भेटावे.’

वाक्ये मास्तरी वाटली तर खुशाल बदला. भाषा तुमची ठेवा, आदराचे शब्द हवे तर वाढवा. कार्यासनाचा क्रमांक आणि तारीख मात्र खोडू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक